फ्लक्स काढायचा तर आतला चार्ज मोजा

राज्य मंडळाच्या अकरावीत विद्युत फ्लक्स आणि गाउसचा नियम येतो, बारावीत त्याचा उपयोग येतो, आणि नीट, जेईई, सीईटी तिन्हींत त्यावर प्रश्न असतात. तरी बरेच विद्यार्थी सूत्र पाठ करून पुढे जातात आणि चार्ज घनाच्या कोपऱ्यात ठेवला की अडकतात. हा धडा अवघड नाही. त्यातल्या तीन-चार जागा नीट बसल्या पाहिजेत, एवढंच. खाली त्या जागा आहेत, हिशोबाची एक सोपी युक्ती आहे आणि गावात मिळणाऱ्या सामानावर होणारा एक प्रयोगही आहे.

आधी फ्लक्स म्हणजे काय ते. वारा नाही, पाऊस सरळ खाली पडतोय आणि तुम्ही परात आडवी धरली, तर तिच्यात सगळ्यात जास्त पाणी येतं. परात तिरपी केली की कमी येतं. उभी धरली की काठावर चार थेंब पडतील, आत काहीच नाही. परात तीच, पाऊस तोच. बदलला तो फक्त कोन. विद्युत क्षेत्राच्या रेषा एखाद्या पृष्ठातून किती आरपार जातात याचं माप म्हणजे फ्लक्स, आणि तो याच तीन गोष्टींवर ठरतो: क्षेत्र किती तीव्र, पृष्ठ किती मोठं आणि ते किती तिरपं. फरक एकच, पावसात पाणी खरोखर वाहतं, विद्युत फ्लक्समध्ये काहीही वाहत नाही. चार्ज जागच्या जागी असतो, प्रवाह शून्य असतो, तरी फ्लक्स असतो.

सूत्र असं: फ्लक्स = क्षेत्र × क्षेत्रफळ × कोसाइन थीटा. एकक न्यूटन मीटर वर्ग प्रति कूलोंब. तेच व्होल्ट-मीटर असंही लिहितात. दोन्ही बरोबर आहेत. खाली लहान म्हणून व्होल्ट-मीटर वापरलंय.

थीटा कुठून मोजायचा

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. थीटा हा क्षेत्र आणि पृष्ठाचा लंब यांच्यातला कोन आहे. क्षेत्र आणि पृष्ठ यांच्यातला तो नाही. प्रश्नात मात्र पुष्कळदा मुद्दाम दुसराच कोन दिलेला असतो.

एक पाटी घ्या, २० सेंमी × ३० सेंमी. क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर. क्षेत्र २००० न्यूटन प्रति कूलोंब, सगळीकडे सारखं. पाटी क्षेत्राला काटकोनात धरली तर तिचा लंब क्षेत्राच्याच दिशेने येतो, थीटा शून्य, फ्लक्स १२० व्होल्ट-मीटर. आता प्रश्न म्हणतो, ‘पाटी क्षेत्राशी ३० अंशांचा कोन करते’. मग लंबाचा कोन ६० अंश, कोसाइन ०.५, उत्तर ६०. जो घाईत कोसाइन ३० घेतो त्याचं उत्तर १०४ येतं, आणि पर्यायांमध्ये १०४ नक्की दिलेलं असतं. सवय लावून घ्या: आकृती काढली की पृष्ठावर आधी लंबाचा बाण काढायचा, मगच कोन लिहायचा.

क्षेत्रफळ सेंमीमध्येच ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. २० × ३० म्हणजे ६०० चौरस सेंमी, आणि एक चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंमी. इथे १०० ने भागलं की उत्तर शंभर पटीने चुकतं. लांबी-रुंदी आधीच मीटरमध्ये लिहिली की हा गोंधळ होत नाही.

बंद पृष्ठ आणि चिन्ह

सपाट पाटीला दोन बाजू असतात. लंबाचा बाण कुठल्या बाजूला काढायचा ते आपण ठरवतो, त्यामुळे फ्लक्सचं चिन्हही आपल्या हातात असतं. पृष्ठ बंद असेल, म्हणजे चेंडूसारखं किंवा झाकण लावलेल्या डब्यासारखं आत-बाहेर असलेलं, तर ही मोकळीक जाते. बंद पृष्ठावर लंब कायम बाहेरच्या दिशेने. रेषा बाहेर पडली की फ्लक्स धन, आत शिरली की ऋण.

आता मुख्य मुद्दा. बंद पृष्ठातून जाणारा एकूण फ्लक्स फक्त आतल्या एकूण चार्जवर ठरतो: आतला चार्ज भागिले एप्सिलॉन-नॉट (निर्वात जागेचा ठरलेला विद्युत स्थिरांक). कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी हा नियम १८३५ मध्ये मांडला, तो छापून आला १८६७ मध्ये. पृष्ठ गोल की चौकोनी, मोठं की लहान, चार्ज मध्यभागी की एका कडेला, याने एकूण फ्लक्सवर काहीही परिणाम होत नाही.

हे पटायला पेन्सिल घेऊन एकदा आकडे करूनच बघा. १ नॅनोकूलोंब (कूलोंबचा अब्जावा भाग) चार्ज घ्या आणि त्याच्याभोवती १ मीटर त्रिज्येचा काल्पनिक गोल कल्पा. कूलोंबच्या नियमाने गोलावर क्षेत्र ९ न्यूटन प्रति कूलोंब येतं. गोलाचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस मीटर. गुणाकार ११३. आता २ मीटरचा गोल: क्षेत्र २.२५, क्षेत्रफळ ५०.२७, गुणाकार ११३. तीन मीटरचा: क्षेत्र १, क्षेत्रफळ ११३.१, गुणाकार पुन्हा ११३. अंतर वाढलं तसं क्षेत्र अंतराच्या वर्गाने कमी होतं आणि गोलाचं क्षेत्रफळ त्याच वर्गाने वाढतं, म्हणून अंतर हिशोबातून निघून जातं. क्षेत्र अंतराच्या घनाने कमी झालं असतं तर गाउसचा नियम उभाच राहिला नसता. कूलोंब यांनी १७८५ मध्ये जो वर्गाचा नियम दाखवला, त्याच्यावरच हे सगळं टिकून आहे.

या हिशोबातून युक्ती मिळते. एप्सिलॉन-नॉट ८.८५ गुणिले १० चा उणे १२ वा घात आहे, त्याने भागायला वेळ लागतो आणि घात चुकतो. त्याऐवजी लक्षात ठेवा: १ नॅनोकूलोंब आत, तर ११३ व्होल्ट-मीटर बाहेर. पृष्ठाच्या आत +४, −७ आणि +२ नॅनोकूलोंब आहेत आणि बाहेर जवळच +१० आहे. आतली बेरीज −१, म्हणून फ्लक्स −११३. बाहेरच्या +१० चं काय? त्याच्या रेषा एका बाजूने शिरतात आणि दुसऱ्या बाजूने निघतात, निव्वळ शून्य.

इथे थोडं थांबा. बाहेरच्या चार्जचा *एकूण फ्लक्स* शून्य आहे, पण त्याचं *क्षेत्र* पृष्ठावर सगळीकडे आहे. गाउसच्या नियमात डाव्या बाजूला जे क्षेत्र असतं ते आतल्या आणि बाहेरच्या सगळ्या चार्जचं मिळून. उजव्या बाजूला चार्ज मात्र फक्त आतला. ‘फ्लक्स शून्य म्हणजे क्षेत्र शून्य’ हे विधान चूक की बरोबर, असा प्रश्न हमखास येतो. ते चूक आहे. पृष्ठाच्या आत +५ आणि −५ ची जोडी ठेवा: एकूण फ्लक्स शून्य, आणि पृष्ठावर क्षेत्र मात्र भरपूर.

घनाच्या कोपऱ्यातला चार्ज

१२ नॅनोकूलोंब घनाच्या मध्यभागी ठेवला तर एकूण फ्लक्स १२ × ११३ = १३५६. सहा बाजू सारख्याच, प्रत्येकीतून २२६. हे सोपं आहे. चार्ज मध्यापासून थोडा सरकवला तर एकूण १३५६ च राहतो, पण सहा बाजूंची वाटणी समान राहत नाही. सहाने भागण्याआधी ‘मध्यभागी’ हा शब्द प्रश्नात आहे का, ते बघा.

चार्ज कोपऱ्यावर असेल तर तो आत आहे की बाहेर, हेच कळत नाही. मग स्वतःला विचारायचं, या चार्जला पूर्ण वेढायला असे किती घन लागतील? कोपऱ्याभोवती आठ घन बसतात: चार खाली, चार वर. म्हणजे आपल्या घनाच्या वाट्याला आठवा भाग, १३५६ भागिले ८ = १६९.५. त्या कोपऱ्याला टेकलेल्या तीन बाजूंतून काहीच जात नाही, कारण तिथे रेषा पृष्ठालगत सरकतात, आरपार जात नाहीत. उरलेल्या तीन बाजूंत १६९.५ सारखा वाटला जातो, प्रत्येकी ५६.५. चार्ज कडेच्या मध्यावर असेल तर चार घन लागतात, बाजूच्या मध्यावर असेल तर दोन. भागाकार तसाच.

स्टीलच्या डब्यावरचा प्रयोग

मायकेल फॅरडे यांनी १८४३ मध्ये बर्फ ठेवायची धातूची बादली घेऊन हा प्रयोग केला होता. त्यात गाउसचा नियम डोळ्यांना दिसतो. लागणारं सामान असं: साधारण १० सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच स्टीलचा डबा, झाकण नको, दोन इंच जाडीचा थर्माकोलचा तुकडा, वावरातल्या पाइपलाइनचा उरलेला पाऊण इंची पीव्हीसी पाइप, फूटभर, लोकरीचं जुनं स्वेटर किंवा घोंगडी, स्वयंपाकातला ॲल्युमिनियम फॉइल, ४ सेंमी व्यासाचा थर्माकोलचा गोळा, आणि नायलॉनची तंगूस. गोळा टांगायला सुती दोरा वापरू नका, हवेतला ओलावा धरून तो चार्ज हाताकडे नेतो.

फॉइलच्या ५ मिमी रुंद, ६ सेंमी लांब अशा दोन पट्ट्या कापा. एक डब्याच्या बाहेरून चिकटवा, काठाच्या तीन सेंमी खाली. दुसरी आतून, पार मधल्या खोलीवर. फक्त वरचं टोक चिकटवायचं, बाकी पट्टी मोकळी लोंबली पाहिजे. चिकटपट्टी फॉइलच्या *वरून* लावा. ती फॉइल आणि स्टीलच्या मध्ये आली तर चार्ज पट्टीत उतरणारच नाही. मिठाईवरचा चांदीचा वर्ख मिळाला तर पट्टी फार हलकी होते आणि थोड्याशा चार्जनेही उठते, पण वर्ख फाटतो फार.

डबा थर्माकोलवर ठेवा. पाइप लोकरीने पंधरा-वीस वेळा जोरात घासा. पाइपवर ऋण चार्ज येतो. घासलेला पाइप डब्याच्या बाहेरून जवळ आणा, टेकवू नका. तसाच धरून दुसऱ्या हाताचं बोट डब्याला क्षणभर लावा, बोट काढा, मग पाइप दूर न्या. हा क्रम पाळा. पाइप आधी काढला तर डबा जमिनीशी जोडलेलाच राहतो आणि चार्ज निघून जातो. डब्यावर आता धन चार्ज आहे. बाहेरची पट्टी डब्यापासून दूर उचलली जाईल. आतली ढिम्म हलणार नाही.

आता डब्याला हात लावून चार्ज घालवा आणि आतली पट्टी काढून टाका, नाहीतर पुढच्या भागात ती गोळ्याकडे ओढली जाऊन त्याला चिकटते. गोळ्यावर फॉइल नीट गुंडाळा, सुरकुत्या आणि टोकं दाबून सपाट करा. टोकांतून चार्ज हवेत गळतो. गोळा तंगुसाला लटकवा आणि त्यालाही पाइप-बोट याच क्रमाने चार्ज द्या. मग तो डब्यात सोडा, निदान तोंडाच्या रुंदीएवढा खोल, आणि भिंतीला टेकू देऊ नका. बाहेरची पट्टी उठते. गोळा डावीकडे न्या, उजवीकडे न्या, थोडा आणखी खाली सोडा: पट्टीचा कोन तेवढाच राहतो. आता गोळा तळाला टेकवा. पट्टी तरीही तिथेच. गोळा बाहेर काढून फॉइलच्या कपट्यांजवळ न्या, तो कपटे ओढत नाही; त्याच्यावर काही उरलेलंच नाही.

असं का होतं? स्टीलच्या पत्र्याच्या जाडीतून जाणारं एक बंद पृष्ठ मनात आणा. धातूत चार्ज स्थिर असताना क्षेत्र शून्य असतं, म्हणून त्या पृष्ठातला फ्लक्स शून्य, म्हणून आतला एकूण चार्ज शून्य. पण गोळ्यावर तर धन चार्ज आहे. म्हणजे डब्याच्या आतल्या भिंतीवर बरोबर तेवढाच ऋण चार्ज आलाच पाहिजे. डबा मुळात तटस्थ होता, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर तेवढाच धन. गोळा आत कुठेही असो, ही बेरीज बदलत नाही, म्हणून पट्टी हलत नाही. टेकवला की गोळ्याचा धन आणि आतल्या भिंतीचा ऋण एकमेकांना पूर्ण पुसतात. डब्याचं तोंड उघडं असल्याने पृष्ठ काटेकोरपणे बंद नाही. खोल सोडायला सांगितलं ते त्यासाठी.

प्रयोग फसतो तो बहुतेक हवेमुळे. श्रावण-भाद्रपदात करूच नका, ओल्या हवेत थर्माकोलवर आणि पाइपवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि चार्ज टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीची दुपार उत्तम. आपल्याकडची मे महिन्याची कोरडी दुपारही चालते, पण त्या खोलीतला कूलर तासभर आधी बंद करा आणि खिडकी उघडा. कूलरच्या दमट हवेत पट्टी उठतच नाही. पाइपला हाताचा घाम लागला असेल तर कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवा. डबा खरकटा, तेलकट नको. पहिल्या खेपेला पट्टी जेमतेम हलली तर गोळ्याला पुन्हा चार्ज देऊन आतून तळाला टेकवा, असं तीन-चारदा. आतून टेकवलं की गोळा दर वेळी सगळा चार्ज देऊन मोकळा होतो, त्यामुळे डब्यावर तो साठत जातो. बाहेरून टेकवला असता तर चार्ज दोघांत वाटला गेला असता.

फ्लक्सवरून क्षेत्र काढताना

गाउसचा नियम कुठल्याही बंद पृष्ठाला खरा आहे. त्यावरून क्षेत्र *काढता* येणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी पृष्ठावर क्षेत्र सगळीकडे सारखं असावं लागतं किंवा पृष्ठालगत जाणारं असावं लागतं. म्हणून लांब तारेला दंडगोल, पसरट पत्र्याला बुटकी डबी आणि गोलाला गोल. आखूड दांडीला किंवा चार्ज दिलेल्या ठोकळ्याला नियम लागू आहेच, पण क्षेत्र त्यातून बाहेर काढता येत नाही.

११३ ची युक्ती इथेही चालते. लांब तारेवर दर मीटरला २० नॅनोकूलोंब आहेत, १० सेंमीवर क्षेत्र किती? १ मीटर लांबीचा दंडगोल घ्या. फ्लक्स २० × ११३ = २२६०. दोन्ही टोकांच्या झाकणांतून शून्य, कारण क्षेत्र तिथे झाकणालगत जातं. वक्र भागाचं क्षेत्रफळ ०.६२८ चौरस मीटर. भागा: साधारण ३६०० न्यूटन प्रति कूलोंब. पसरट पत्र्यावर दर चौरस मीटरला १० नॅनोकूलोंब असतील तर ११३० चा फ्लक्स दोन बाजूंनी निघतो, म्हणून क्षेत्र ५६५. तोच चार्ज जाड धातूच्या एका पृष्ठावर असेल तर फ्लक्स फक्त बाहेरच्या बाजूने निघतो, क्षेत्र ११३०. हा दुपटीचा फरक दरवर्षी कुणाला तरी दगा देतो.

आंगणापासून आभाळापर्यंत

स्वच्छ हवामानात जमिनीलगत सुमारे १०० व्होल्ट प्रति मीटरचं क्षेत्र असतं, दिशा खाली. तुमचं आंगण १० × ६ मीटर असेल तर त्यातून ६००० व्होल्ट-मीटर फ्लक्स खाली जातो. आंगणावर तेवढीच सावली टाकणारं एखादं तिरपं पृष्ठ मनात आखा: क्षेत्रफळ वाढतं, कोसाइन तेवढाच घटतो, फ्लक्स तोच. आता एक बुटकी काल्पनिक पेटी घ्या, वरचं झाकण हवेत आणि तळ मातीत. मातीच्या आत क्षेत्र नगण्य. वरच्या झाकणातून रेषा आत शिरतात, म्हणून फ्लक्स −६०००. ११३ ने भागा: आंगणाच्या मातीवर सुमारे −५३ नॅनोकूलोंब. हाच हिशोब पृथ्वीच्या ५१ कोटी चौरस किलोमीटरला लावला तर उणे साडेचार लाख कूलोंबच्या आसपास आकडा येतो.

गडगडाटी ढगाखाली हेच क्षेत्र हजारो व्होल्ट प्रति मीटरवर जातं. तेव्हा डब्याच्या प्रयोगातली गोष्ट जीव वाचवणारी ठरते. धातूच्या छपराची बंद चारचाकी आतल्या माणसाला चांगलं संरक्षण देते, काचा वर करून आणि धातूला हात न लावता बसलं तर. चार्ज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीकडे जातो. चार खांबांवरचं, बाजूंनी उघडं टिनाचं शेड बंद पृष्ठ नाही, ते असं संरक्षण देत नाही. कॅबिन नसलेला ट्रॅक्टर, मोटारसायकल, बैलबंडी आणि धुऱ्यावरचं झाड यांपैकी कशाचाही आडोसा घेऊ नका. वावरात जाण्याआधी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप बघा, ते आसपासच्या विजांची सूचना देतं. सूचना आली की पक्क्या घरात या.